‘मदरशिप’मध्ये न मावलेली मुंबई

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडशी माझी ओळख एका अर्धवट गाण्यापासून सुरू झाली. ठाण्यात स्टेशनजवळ एक कॅसेटवाला होता. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी घ्यायला जायचं. माझ्या मामेभावाने दिलेल्या यादीत ‘स्टेअरवे टू हेवन’ पहिल्या बाजूला अगदी शेवटी होतं. गाणं आठ मिनिटांचं आणि टेप उरली होती सहा मिनिटांची. जिमी पेजची गिटार उसळी मारायला लागते न लागते तोच खट्‌ आवाज व्हायचा आणि टेपरेकॉर्डरचं बटण वर यायचं. हे गाणं असंच संपतं असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो. कॉलेजात एकाने पूर्ण गाणं ऐकवलं तेव्हा मी भारावलो वगैरे काही नाही. हे पुढचं शेपूट कोणी जोडलं, असंच पहिल्यांदा मनात आलं.

तरीही त्या कॅसेटचे माझ्यावर उपकार आहेत. चौदा गाणी, बारा वर्षांच्या कारकिर्दीतून कुठून कुठून वेचलेली, आणि ती वेचणारा माणूस माझ्या ओळखीचा. मामेभावाला ढोल बडवणारी गाणी आवडायची, म्हणून कॅसेटभर बॉनमचे ड्रम. मला हळू गाणी हवी असतील तर कोणाशी भांडायचं हे मला ठाऊक होतं. आणि मी भांडलोही.

रॉकवाल्यांच्या पंगतीत ‘बेस्ट ऑफ’ ऐकणाऱ्याला पाट मिळत नाही. अख्खे आल्बम ऐका, तेही निघाले त्या क्रमाने, नाहीतर गप्प बसा. निवडक गाणी म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या. हा सोवळेपणा मला कधी पटला नाही. आपल्याकडे भजनाला उभं राहणारा वारकरी हातात भजनी मालिका घेतो. कोणत्या अभंगामागून कोणता यायचा ते तिच्यात ठरलेलं असतं. म्हणून त्याने गाथा वाचली नसेल असं कोणी म्हणत नाही. निवड आणि क्रम हे एक स्वतंत्र काम आहे, हे आपल्याला फार जुन्या काळापासून माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की जो हे काम करतो त्याने खाली सही करावी आणि निवडीत चूक झाली तर ती त्याच्या नावावर लागावी.

लेड झेपलिनचं ‘मदरशिप’ हे संकलन मी नेहमी या कसोटीवर लावून पाहतो. ते नोव्हेंबर २००७ मध्ये निघालं. दोन सीडी, २४ गाणी, १९६९ ते १९७९ या दहा वर्षांतल्या आठ आल्बमांतून घेतलेली. जॉन बॉनम १९८० साली गेला आणि त्याच वर्षी बँडही संपला. उरलेल्या तिघांनी, म्हणजे गिटारवाला जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट आणि बेसवाला जॉन पॉल जोन्स यांनी, ही गाणी निवडली. मुखपृष्ठ शेपर्ड फेअरीचं. पुढच्याच वर्षी ओबामांचं ते लाल-निळं पोस्टर करून जगभर पोचला तोच. त्याच सुमारास झेपलिनची गाणी पहिल्यांदा इंटरनेटवर विकायला आली आणि १० डिसेंबरला लंडनच्या ओटू अरिनात तिघे बॉनमच्या मुलाला ड्रमवर बसवून एका रात्रीपुरते एकत्र वाजले. महिन्याभरात हे सगळं. यात धंदा होता हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नाही.

यावर झेपलिनचे जुने भक्त रुसले, आणि त्यांच्या रुसण्याला कारण होतं. बँड हयात असताना ब्रिटनमध्ये त्यांनी एकही सुटं गाणं बाजारात येऊ दिलं नाही. कंपनीने ‘होल लॉटा लव्ह’ कापून छोटं करून सिंगल म्हणून काढायची तयारी केली होती. मॅनेजर पीटर ग्रँटने ती हाणून पाडली. अमेरिकेत सिंगल्स निघत, तिथे हेच गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. पण ‘स्टेअरवे’ तिथेही सुटं विकायला काढलं नाही. हवं असेल तर बिननावाचा तो अख्खा चौथा आल्बम घ्या. अशा माणसांनी आपलीच भाजी निवडून, वाटे करून विकायला बसावं?

मला यात ढोंग दिसत नाही. तुम्ही निवडलं नाही तर दुसरा कोणीतरी निवडतोच. डीप पर्पल हा त्यांच्याच काळातला ब्रिटिश बँड १९७६ साली फुटला. १९८० मध्ये कंपनीने त्यांचं ‘डीपेस्ट पर्पल’ काढलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही वाजवायला बँडच जागेवर नसताना. ब्लॅक सबाथचं पहिलं संकलन १९७५ च्या अखेरीस आलं तेव्हा बँड जुन्या मॅनेजरशी कोर्टकज्ज्यात अडकलेला होता. संकलनाचं नाव होतं, आम्ही रॉक अँड रोलसाठी आत्मा विकला. विकला कोणी, हे मात्र कव्हरवर नव्हतं. या दोन्हींच्या तुलनेत, हयात असलेल्या वादकांनी बसून स्वतः यादी करणं मला केव्हाही जास्त सरळ वाटतं.

मग ती यादी उलगडून बघायला हरकत नाही. पहिल्या आल्बमातली चार, दुसऱ्यातली तीन, तिसऱ्यातली दोन, चौथ्यातली चार, पाचव्यातली चार, सहाव्यातली तीन आणि शेवटच्या दोन्हींतली दोन-दोन. दिसायला सगळ्यांना थोडं थोडं मिळालं आहे. ऐकायला बसलात की कळतं, पान वाढताना गोडाची वाटीच ठेवायची राहिली.

दुसऱ्या आल्बमात ‘हार्टब्रेकर’ हवेतच तुटतं आणि त्याच श्वासात ‘लिव्हिंग लव्हिंग मेड’ सुरू होतं. मध्ये पापणी लवायलाही जागा नाही. अमेरिकेतले रेडिओवाले ही दोन गाणी कायम जोडीनेच लावत. ‘मदरशिप’मध्ये दुसरं गाणं घेतलेलं नाही. त्यामुळे ‘हार्टब्रेकर’ शेवटच्या शब्दावर कडेलोट झाल्यासारखं थांबतं, क्षणभर शांतता, आणि मग ‘इमिग्रंट साँग’ची ती लांडग्यासारखी हाळी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ठाण्याचा कॅसेटवालाच आठवला. त्याच्याकडे टेप संपली होती. पेजकडे तर ती सबबही नव्हती.

क्रमाचं एक मात्र मानलं. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे पुरावरचं गाणं मूळ आल्बमात शेवटचं. ते इथे ‘स्टेअरवे’च्या आधी आणलं आहे आणि पहिली सीडी ‘स्टेअरवे’वर संपवली आहे. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखाली ड्रम मांडून आणि वर माइक टांगून तो आवाज पकडला होता. घरच अंगावर आल्यासारखा ठोका पडतो. त्या पुरानंतर ‘स्टेअरवे’ची ती एकटी गिटार ऐकली की पाणी ओसरल्यासारखं वाटतं. असा क्रम मशीन लावत नाही.

आता गोडाच्या वाटीकडे. तिसऱ्या आल्बमाची दुसरी बाजू जवळजवळ सगळी लाकडी गिटारवर, मँडोलिनवर, वेल्समधल्या एका कॉटेजमध्ये सुचलेल्या चालींवर उभी आहे. त्यातलं एकही गाणं ‘मदरशिप’मध्ये नाही, घेतलेली दोन्ही पहिल्या बाजूची, विजेची. चौथ्या आल्बमातलं ‘गोइंग टू कॅलिफोर्निया’ नाही. ‘बॅटल ऑफ एव्हरमोर’ही नाही, ज्यात प्लांटच्या जोडीने सँडी डेनी गाते. झेपलिनच्या सगळ्या आल्बमांत पाहुणी म्हणून आलेली ही एकमेव गायिका. ‘मदरशिप’ ऐकून ज्याची ओळख झाली त्याला झेपलिन म्हणजे भिंती हादरवणारे चौघे वाटणार. हाच गैरसमज रेडिओने तीस वर्षं पसरवला होता आणि तोच निवडणाऱ्यांनी सही करून कायम केला.

मुंबईच्या श्रोत्याने या यादीकडे आणखी जरा निरखून बघावं. पहिल्या आल्बमात ‘ब्लॅक माउंटन साइड’ नावाचा दोनेक मिनिटांचा तुकडा आहे. नुसती गिटार आणि तबला. तबला वाजवणारे विराम जसानी. १९६९ साली झेपलिनच्या पहिल्याच तबकडीवर एक भारतीय नाव होतं. तिसऱ्या आल्बमात ‘फ्रेंड्स’ आहे, वेगळ्याच सुरात लावलेली गिटार आणि जोन्सने लिहिलेल्या व्हायोलिनच्या वळणदार ओळी. कान पूर्वेकडे वळलेत हे दुसऱ्या मिनिटाला कळतं. आणि १९७२ साली पेज आणि प्लांट खुद्द मुंबईत आले. इथल्या ईएमआयच्या स्टुडिओत स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्ये उसन्या वाद्यांवर दोघे वाजले, ही गोष्ट जुन्या मुंबईकरांच्या तोंडून आजही ऐकायला मिळते. त्या रात्री तिथे हजर होतो म्हणणाऱ्यांची संख्या मोजली तर कूपरेज भरेल, ते सोडा.

यातलं ‘मदरशिप’मध्ये काय आलं? काहीच नाही. आलं ते ‘कश्मीर’.

‘कश्मीर’ थोर गाणं आहे. ड्रम चारात चालतात, गिटार तिनात, आणि दोघं काही मात्रांनी समेवर भेटतात; ज्याचा कान ठेक्यावर वाढलाय त्याला ही गंमत समजावून सांगावी लागत नाही. पण त्यातलं वाळवंट मोरोक्कोचं आहे. १९७३ साली प्लांट दक्षिण मोरोक्कोतल्या एका सरळसोट, संपता न संपणाऱ्या रस्त्याने गाडीतून जात होता, तिथे हे शब्द सुचले. काश्मीरशी त्या गाण्याचा संबंध नावापुरता. म्हणजे झालं असं, की खरोखर तबला असलेलं गाणं गेलं, मुंबईच्या स्टुडिओपर्यंत आलेलं गाणं गेलं, आणि हिंदुस्थानची पाटी लावलेलं मोरोक्को राहिलं. आमच्याकडे नेपाळी माणसाने बनवलेलं चायनीज खपतं, त्यातलाच प्रकार.

इथे पेजवर अन्याय नको. मुंबईची ध्वनिमुद्रणं २००७ साली अधिकृतपणे कुठेच आलेली नव्हती. चोरट्या टेपांवर फिरत होती, तेवढीच. ती २०१५ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी, ‘कोडा’ या आल्बमाच्या वाढीव आवृत्तीत बाहेर आली. पण ‘फ्रेंड्स’चं मूळ रूप १९७० पासून उपलब्ध होतं, ‘ब्लॅक माउंटन साइड’ तर पहिल्या दिवसापासून. आणि त्याच २०१५ मध्ये ‘मदरशिप’ नव्याने मास्टर होऊन पुन्हा बाजारात आलं, तेव्हाही यादी तीच, २४ गाण्यांची. एक तबला सरकवायला जागा झाली नाही.

संकलन हा सोयीचा मामला असतो म्हणून सोडून द्यायचं, तर त्यातल्या श्रेयांचं काय करायचं? कारकिर्दीचा गोषवारा काढायला बसलात की उधारीची वहीही उघडावी लागते. ‘होल लॉटा लव्ह’च्या कर्त्यांत आज अमेरिकी ब्लूज गीतकार विली डिक्सनचं नाव आहे, कारण त्याने १९८५ साली दावा लावला आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. त्याचं गाणं ब्लूज गायक मडी वॉटर्सने १९६२ मध्येच गायलं होतं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ मुळात जेक होम्स या गायकाचं, १९६७ चं. ‘मदरशिप’ निघालं तेव्हा त्याखाली एकट्या पेजचं नाव होतं. होम्सने २०१० मध्ये दावा ठोकला, प्रकरण बाहेरच्या बाहेर मिटलं, आणि २०१२ मध्ये ओटूच्या मैफलीचा आल्बम आला त्यात श्रेयाच्या ओळीत होम्सचं नाव दिसलं. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ १९२७ च्या मिसिसिपीच्या पुरावरचं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडप्याने १९२९ मध्ये मुद्रित केलेलं. मिनीचं नाव झेपलिनने पहिल्यापासून दिलं. प्रत्यक्ष गायलेल्या जोचं नाही. ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ ब्लाइंड विली जॉन्सनने १९२७ मध्ये गायलं, झेपलिनच्या खात्यात ते पेज आणि प्लांट यांचं. गाण्याच्या नावाचा अर्थ, चूक माझीच. हे मात्र खरं.

‘स्टेअरवे’वरही खटला झाला, स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’वरून उचलल्याचा. तो झेपलिनने २०१६ मध्ये ज्युरीपुढे आणि २०२० मध्ये अपिलातही जिंकला. म्हणजे प्रत्येक आरोप खरा असतो असं नाही. पण कोणतं खरं, कोणतं खोटं हे तपासता आलं, कारण तबकडीवर छापील नावं होती आणि त्यांच्यावर बोट ठेवता येत होतं.

ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसी या रॉक बँडने यावर वेगळा तोडगा काढला. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढणारच नाही. गाणी सुटी विकली जातील म्हणून नोव्हेंबर २०१२ पर्यंत ते ॲपलच्या ऑनलाइन दुकानातही आले नव्हते. मला त्यांचा हट्ट आवडतो, पण त्या हट्टाला खिडकी होती. १९८६ मध्ये एका भयपटासाठी आणि २०१० मध्ये ‘आयर्न मॅन २’साठी त्यांनी जुन्या-नव्या गाण्यांचे आल्बम दिलेच. उपास आहे म्हणायचं आणि साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घ्यायची. शिवाय नकाराने निवड थांबत नाही. त्यांचा नकार चालू होता त्या सगळ्या काळात घरोघरी कोऱ्या कॅसेटी भरतच होत्या.

आज निवड करतो कोण? फोनमधलं ॲप. बँडचं पान उघडलं की वर सर्वांत जास्त ऐकली गेलेली गाणी. नवा माणूस तीच लावतो, त्यामुळे ती आणखी ऐकली जातात, त्यामुळे ती तिथेच राहतात. श्रीमंताच्या घरी लक्ष्मी जाते तसं. हाताने केलेल्या याद्याही असतात. पण त्या बदलत राहतात आणि कालची यादी काय होती याचा मागमूस राहत नाही. ‘हार्टब्रेकर’नंतर कोणतं गाणं येईल ते कोणी ठरवलेलंच नाही, त्यामुळे ते चुकलं असं म्हणायचीही सोय नाही. माझ्या मामेभावाशी मी भांडलो. पेजशी मनातल्या मनात गेली कित्येक वर्षं भांडतो आहे. या यादीशी कोण भांडणार?

याला ‘लोकांचा कौल’ म्हणणारे आहेत. कंपन्यांच्या बंद खोलीत ठरण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटतं. बंद खोलीबद्दल मला प्रेम नाही. वर सबाथची गोष्ट सांगितलीच. पण कौल मागायला उमेदवार तरी समोर यावे लागतात. ‘ब्लॅक माउंटन साइड’ पहिल्या पडद्यावर कधी येणारच नसेल तर लोकांनी ते नाकारलं असं म्हणणं ही थट्टा आहे.

मला काय हवं आहे ते अवघड नाही. ज्यांच्याकडे ही गाणी आहेत त्यांनी संकलनं काढत राहावीत, ॲपवरही, आणि त्यांच्या माथ्यावर निवडणाऱ्याचं नाव आणि साल लिहावं. चार ओळी लिहाव्यात, हे का घेतलं, ते का सोडलं. ‘मदरशिप’च्या सीडीसोबत संगीत पत्रकार डेव्हिड फ्रिकचा लेख होता, फोनवर ऐकणाऱ्याला तो कुठे दिसतो? आणि कोणत्या गाण्यावर कोण वाजवतंय ते गाण्यासोबत दिसावं, तीन ठिपके दाबून तळघरात उतरल्यावर नव्हे. लिहिणाऱ्यांची नावं तरी कोर्टाच्या धाकाने जागेवर आली. वाजवणाऱ्यांना तोही आधार नाही.

गेल्या दिवाळीत बहिणीची मुलगी म्हणाली, “मामा, झेपलिन ऐकायचंय, कुठून सुरू करू?” मी तिला ‘मदरशिप’ सांगितलं. आल्बमवाल्या मित्रांना कळलं तर मला वाळीत टाकतील. पण सोबत सहा गाणी वेगळी पाठवली, क्रमाने, आणि कोणतं कुठे घुसवून ऐकायचं तेही लिहिलं. ‘हार्टब्रेकर’च्या पाठीला त्याची सख्खी जोडीदारीण. ‘स्टेअरवे’च्या आधी सँडी डेनी. आणि ‘कश्मीर’ संपलं की लगेच मुंबईचं ‘फ्रेंड्स’.

तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. ‘कश्मीर’ ठीक आहे म्हणाली, जरा लांबतं. पहिल्या आल्बमातला तो छोटा तुकडा फार आवडला, तबला कोणाचा? मी विराम जसानींचं नाव कळवलं. पुढचा प्रश्न लगेच आला, “आणि मुंबईवाल्यात कोण वाजवतंय?”

मी फोनवर गाणं उघडून पाहिलं. गाण्याच्या नावापुढे लिहिलं होतं, बॉम्बे ऑर्केस्ट्रा.